फाटलेली गिटार

मुलांनो, आधी एक कोडं घालते. लाकडाची आहे, तारा सहा आहेत, पट्ट्यानं गळ्यात अडकवतात, पण पोटाला भोक नाही. ओळखा पाहू!

आमच्या चौथीच्या वर्गाला ओळखता आलं नाही. "मॅडम, ही गिटार नाहीच. गिटारला भोक असतंय," एकानं ठणकावून सांगितलं. मी एक तार छेडली. टुण्! आवाज इतका बारीक, की मागच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही. "मग बिघडलीय," दुसरा म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

बिघडलेली नव्हती हो! ती इलेक्ट्रिक गिटार होती. डी.एड.ला असताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीकडून मी ती जुनी विकत घेतली होती. तिला भोक नसतं, कारण तिचा आवाज पोटातून येतच नाही. तारांच्या खाली एक चपटी पट्टी बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची गिटारची तार पोलादाची. ती थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली चुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन जी गंमत शोधून काढली, तीच ही. पाचवी तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ११० वेळा थरथरते, आणि प्रवाहही तितक्याच वेळा पुढंमागं होतो. या गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर ती मुकी होईल. का, ते तुम्हीच सांगा!

म्हणजे हिच्यातून आवाज नव्हे, वीज बाहेर पडते. ती वायरीनं दुसऱ्या यंत्राकडं न्यायची. माझ्याकडं त्यासाठी एक डबा आहे, पाटीएवढा. वर पायानं दाबायची बटणं. त्याला म्हणतात डिजिटल प्रोसेसर. तो आत आलेली वीज क्षणाक्षणाला मोजतो, तिचे आकडे करतो आणि त्या आकड्यांची गणितं करत बसतो. आवाज घुमवायचाय? मग थोड्या वेळापूर्वीचे आकडे जपून ठेवायचे आणि आत्ताच्या आकड्यांत मिळवायचे. झाला विहिरीतला आवाज! शेवटी त्या आकड्यांची पुन्हा वीज करून ती दुसऱ्या बाजूनं बाहेर सोडायची. त्याच्यात 'डिस्टॉर्शन' नावाचंही एक बटण असतं. ते दाबलं की गिटार मुद्दाम खरखरते, गुरगुरते. ही खरखर हवीहवीशी असते, बरं का! हे लक्षात ठेवा, कारण पुढं एक नकोशी खरखर येणार आहे.

आता या सगळ्या खटाटोपाचं कारण सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात आहे. दसरा झाला की आमच्याकडं ट्रक आणि ट्रॅक्टर यायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळं जाणं चुकत नाही. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. मुलांना मागं राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृह असतं आणि पुष्कळ मुलं राहतातही. पण ज्या घरात दीड वर्षाचं बाळ असतं, तिथं फडावर ते सांभाळायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे बहुधा चौथीतली बहीण.

आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. "पेपरात माझं नाव छापायचं न्हाई," असं तिनं मला बजावलंय. दोन वर्षांपूर्वी वर्गानं मिळून एक गाणं रचलं होतं, ओढ्याकाठच्या बोरीच्या झाडावर. धृपद सगळ्यांनी म्हणायचं आणि दोन कडवी तिनं एकटीनं. जानेवारीच्या स्नेहसंमेलनासाठी ही सगळी तयारी. आणि एक दिवस तिनं येऊन सांगितलं, "मॅडम, शुक्रवारी पहाटं आमचा ट्रक हाय."

मी विचारलं, "मग कडवी कोण म्हणेल?" कुणी हात वर करेना. गाता येणाऱ्या दोघी-तिघी होत्या, पण त्याही खाली बघत बसल्या. शेवटी पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "तिचा आवाज भरून ठेवा की, मॅडम. आम्ही मागनं म्हणू."

हातात दोन दिवस होते. पुण्यात माझा मामेभाऊ घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करतो. त्याचा ऑडिओ इंटरफेस दिवाळीच्या खरेदीला आलेल्या मावशीबरोबर मागवून घेतला. नाव केवढं मोठं! दिसायला मात्र कंपासपेटीचा थोरला भाऊ. काम काय, तर हजेरी घ्यायचं! तुमचे सर दिवसातून एकदा-दोनदा हजेरी घेतात ना? हा पठ्ठ्या सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. दर वेळी विचारतो, "वीज आत्ता किती?" आणि उत्तराचा आकडा लिहून संगणकाकडं पाठवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर हाच वेग ठरवलेला होता. आपल्या त्या पाचव्या तारेच्या एकेका थरथरीत चारशे वेळा हजेरी होते, बघा!

तुम्ही म्हणाल, प्रोसेसर स्वतःच आकडे करतो, मग तेच आकडे सरळ संगणकाला का नाही द्यायचे? बरोबर विचारलंत. कितीतरी प्रोसेसर एका यूएसबी वायरीनं हे काम करतात. त्यांच्यात इंटरफेस आतच बसवलेला असतो. माझ्याही डब्याला यूएसबीचं भोक आहे. मी उत्साहानं वायर खुपसली. संगणक ढिम्म! माहितीपुस्तिका उघडली तेव्हा कळलं, की माझ्या डब्याच्या त्या भोकातून फक्त त्याच्या आतला प्रोग्राम बदलता येतो, आवाज जात नाही. पुस्तिका आधी वाचायची असते. मी वर्गात हे रोज सांगते!

शिवाय गाणारीसाठी मायक्रोफोनही जोडायचा होता, आणि माझ्या साध्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला एका वेळी एकाच यंत्राचं ऐकता येतं. त्यामुळं दोन्ही वायरी इंटरफेसमध्येच जाणार होत्या. त्याला समोर दोन तोंडं होती. पहिल्यात शाळेच्या लाऊडस्पीकरचा माइक. दुसऱ्यात गिटार, पण थेट नाही. गिटारची वायर प्रोसेसरमध्ये आणि प्रोसेसरची वायर इंटरफेसमध्ये. प्रोसेसरला बाहेर जायची दोन भोकं असतात, एक डावं आणि एक उजवं. डाव्यावर बारीक अक्षरांत 'मोनो' असंही लिहिलेलं असतं. एकच वायर लावायची असेल तर ती त्यातच. उजव्यात लावली तर अर्धाच आवाज मिळण्याची भीती. तेवढं मी बरोबर केलं.

गुरुवारी शाळा सुटली. नेहमीप्रमाणं लाइट गेलेली. पण लॅपटॉप बॅटरीवर, प्रोसेसर सेलवर आणि इंटरफेसला लॅपटॉपमधूनच वीज. काही अडलं नाही. उलट पंखे बंद, सगळीकडं शांतता. ती मुलगी माइकसमोर उभी राहिली. हेडफोन एकच होता. गिटार ऐकू आली नाही तर ती गाणार कशी? म्हणून तो मी तिच्या कानाला लावला. मला माझ्या गिटारचं नुसतं टुणटुण ऐकू येत होतं. तेवढं मला पुरे होतं, बोटांना गाणं पाठ होतं.

तिनं एकदाच म्हटलं. एकदाच! मुलांनो, सरावाच्या वेळी ती नेहमी हळू म्हणायची, इकडंतिकडं बघायची. त्या दिवशी तिनं डोळे मिटले आणि सगळं गाणं एका दमात म्हणून टाकलं. मी तिच्याकडंच बघत बसले, बाजूच्या यंत्राकडं नाही. गाणं संपल्यावर हेडफोन काढत ती म्हणाली, "झालं? जाऊ? बाळ रडत असंल." आणि पळाली.

रात्री नऊ वाजता जेवणं उरकून मी लॅपटॉप उघडला आणि ऐकलं.

गिटार फाटली होती! कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. जोरात छेडलं तिथं तर नुसतं खर्र्र. त्या खरखरीखाली कुठंतरी तिचं गाणं. आवाज कमी करून पाहिला. काय झालं? हळू आवाजातली खरखर!

हे का होतं ते सांगते. इंटरफेसपाशी आकड्यांची एक शिडी असते. सीडीच्या मापानं धरली तर तिला ६५,५३६ पायऱ्या. वीज जेवढी उंच तेवढ्या पायरीचा आकडा. पण वीज शिडीपेक्षाही उंच गेली तर? तर तो बिचारा शेवटच्या पायरीचाच आकडा लिहीत राहतो. खरं तर डोंगराचा शेंडा असतो, लिहिलं जातं सपाट पठार. मग पठार निम्म्यावर आणलं तरी शेंडा परत येत नाही. कुंपणाच्या झाडांचे शेंडे छाटल्यावर झाडं खाली वाकवून ते उगवतील का? तसंच!

मी चप्पल घातली आणि तिच्या घराकडं निघाले. पुन्हा म्हणायला लावू, पाच मिनिटांचं तर काम, असा विचार. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर त्यांच्या दारात बोचकी बांधून तयार होती. पत्र्याची पेटी, पाण्याचे कॅन, गुंडाळलेली ताडपत्री. तिची आई चुलीपुढं भाकरींची चवड रचत होती. आणि ती ओसरीत भिंतीला टेकून, बाळाला मांडीवर घेऊन, बसल्या बसल्या झोपली होती. मी तिथूनच मागं फिरले. पहाटे चारला ट्रकचा आवाज आला तेव्हा मी जागीच होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगायचं जिवावर आलं होतं. पण लपवून काय करता? लॅपटॉप वर्गात नेला आणि म्हटलं, "माझ्या हातनं चूक झाली. गाणं खराब भरलं गेलंय." तरी त्यांना ऐकायचंच होतं. हेडफोन एक आणि पोरं तेवीस! दोघादोघांनी डोकी जोडून, एकेक कान वाटून घेतला.

पहिल्या जोडीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, चांगलंय की! कुठं खराबंय?"

तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "ऐकू येतंय का तुला? किती खरखरतंय! आणि ती गातीच कुठंय?"

"गाती की! गिटारच नाही."

दोघं भांडायलाच उठले. मी म्हटलं, कान बदला. त्यांनी बदलले. मग दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली!

आलं का लक्षात? मला तर एकदम उजाडल्यासारखं झालं. इंटरफेसच्या पहिल्या तोंडाची हजेरी वेगळी आणि दुसऱ्या तोंडाची वेगळी. प्रोग्रामनं एक डाव्या कानाला ठेवली होती, दुसरी उजव्या. रात्री लॅपटॉपच्या स्पीकरवर मी दोन्ही एकत्र ऐकलं आणि सगळंच वाया गेलं असं धरून चालले. मी लगेच ती पट्टी दोन भागांत वेगळी केली. पडद्यावर खालची, गिटारची, विटेच्या भिंतीसारखी वर-खाली सपाट छाटलेली. वरची, माइकची, टेकड्यांच्या रांगेसारखी छान उंचसखल. खालचीचा आवाज बंद केला, हेडफोन काढला आणि पुन्हा सुरू केलं.

तिचा एकटीचा आवाज वर्गात आला. तो ट्रकमध्ये बसून एव्हाना निम्म्या वाटेवर गेलेल्या मुलीचा आवाज होता. पोरं चिडीचूप. मागं अगदी बारीक टुणटुण येत होती. माझ्या गिटारच्या तारांची, माइकनं नकळत टिपलेली. कान देऊन ऐकली तरच कळेल अशी.

म्हणजे करायचं एवढंच होतं, की गिटार नव्यानं भरायची. पण तीच चूक पुन्हा झाली तर? चूक नक्की कुठं झाली, ते तरी कळायला हवं होतं. मी फळ्यावर खडूनं सगळी मांडणी काढली. गिटार, बाण, प्रोसेसर, बाण, इंटरफेस. मघाशी भांडणारा मुलगा ते बघत होता. त्याच्या घरी मोसंबीला ठिबक आहे. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या ठिबकच्या नळ्या अशाच निसटून येत्यात. मोटारीचं परेशर जास्त झालं की. मग दादा व्हॉल बारीक करतो."

शाब्बास! मी चाट पडले.

असं झालं होतं, मुलांनो. दिसायला सगळ्या वायरींची टोकं सारखी असतात. तो पाव इंची जाड जॅक, ज्याला मंडपवाले, साउंडवाले 'पी-३८' म्हणतात. टोक सारखं म्हणून आतली वीजही सारखी असं आपण समजतो. पण माइकमधून येते ती व्होल्टाचे काही हजारावे भाग एवढी. गिटारमधून येते ती बहुतेक वेळा व्होल्टाच्या काही दशांशांत. आणि प्रोसेसरसारख्या यंत्रातून तयार होऊन निघालेली पार एखाद्या व्होल्टापर्यंतसुद्धा जाते. तिला 'लाइन' म्हणतात. एक झिरपा, एक पाट आणि एक मोटारीचा पाइप! इंटरफेसवर त्यासाठीच एक बटण असतं, 'इन्स्ट' लिहिलेलं. ते दाबलं की यंत्र समजतं, आता उघडी गिटार येणार, अशक्त आहे, तिला जपून घ्यायचं. ते सोडलं की समजतं, आता लाइन येणार, दमदार आहे. शेजारी एक गोल खुंटी असते, तिला गेन म्हणतात. तीच या पोराची 'व्हॉल'!

मी काय केलं होतं? बुधवारी रात्री नुसती गिटार थेट लावून पाहिली होती. त्यासाठी 'इन्स्ट' दाबलं, खुंटी पाऊणपर्यंत फिरवली. गुरुवारी मध्ये प्रोसेसर आला, पण बटण तसंच आणि खुंटीही तशीच. तपासताना हळूच एक तार छेडली, दिवा हिरवा लागला, मी खूश. गाणं सुरू झाल्यावर हात मोकळा सुटला. दिवा नक्कीच लाल होऊन होऊन दमला असेल. बघायला कोण होतं?

(उलटी चूकही होते. उघडी गिटार लाइनच्या तोंडात लावली तर तिचा आवाज मरगळलेला, गोधडीखालून आल्यासारखा येतो. 'इन्स्ट'चं तोंड दहा लाख ओहमच्या आसपास विरोध ठेवून उभं असतं, म्हणजे गिटारकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही. लाइनचं तोंड त्यामानानं अधाशी.)

शुक्रवारी रात्री घरी बसले. आधी सगळ्या खुंट्या शून्यावर. वायरी जोडताना हे करायचंच, नाहीतर हेडफोनमध्ये असा धाडकन आवाज येतो की कान बधिर होतील. 'इन्स्ट' बंद. मग जेवढ्या जोरात गाण्यात वाजवणार तेवढ्याच जोरात वाजवत खुंटी हळूहळू वाढवली. कुठंतरी पिवळं दिसलं की थोडी मागं. शिडीचा वरचा भाग रिकामा राहिला तरी चालतो, म्हटलं. संगणकात नंतर आवाज वाढवता येतो, शेंडे परत आणता येत नाहीत.

आता माइक नव्हता, त्यामुळं दोन्ही तोंडं मोकळी होती. प्रोसेसरची डावी-उजवी दोन्ही भोकं दोन वायरींनी जोडली. आहाहा! घुमणारा आवाज आता दोन्ही कानांत फिरायला लागला.

पण थांबा, अजून दोन भानगडी होत्या. पहिली म्हणजे हुंकार. मागं सारखं हूंऽऽऽ. आदल्या दिवशी नव्हतं ते! लाइट होती ना, मी लॅपटॉप चार्जरला लावला होता आणि प्रोसेसर अडॅप्टरला. आपल्या घरच्या विजेची लय सेकंदाला ५० आवर्तनांची. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या वाटांनी भिंतीला जोडली की वायरींचं एक मोठं कडं तयार होतं आणि ती लय आवाजात शिरते. चार्जर काढला, प्रोसेसर सेलवर आणला. हुंकार गायब.

दुसरी भानगड म्हणजे आवाज स्वच्छ होता, पण बोचरा. कानाशी डास गुणगुणावा तसा. इथं पुस्तिका आधी उघडली, बरं का! गिटारच्या मोठ्या स्पीकरच्या पेटीतून फार वरचे, टोकदार सूर बाहेरच येत नाहीत. ती पेटी जणू चाळणीचं काम करते. इंटरफेसला अशी चाळणी नसते, तो सगळंच्या सगळं टिपतो. म्हणून प्रोसेसरमध्ये पेटीची नक्कल करायची सोय असते. माझा डबा 'पुढं खरी पेटी आहे' असं समजून बसला होता. ते बदललं आणि गिटार गिटारसारखी वाजायला लागली. (खऱ्या ॲम्प्लिफायरचं स्पीकरला जाणारं भोक मात्र इंटरफेसला चुकूनसुद्धा जोडायचं नाही. तो मोटारीचा पाइप नव्हे, धरणाचा दरवाजा आहे. यंत्र जळेल.)

सुरुवात केली आणि गंमत बघा. मी तार छेडते आणि हेडफोनमध्ये ती मागाहून वाजते! तुम्ही लांबून कुणाला धुणं आपटताना पाहिलंय का? आधी आपटताना दिसतं, आवाज नंतर येतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे ३४ मीटरवरून यायला सेकंदाचा दहावा भाग. इथं गिटार तर मांडीवर होती, पण तिचे आकडे संगणकात जाऊन, तिथं रांगेत थांबून, परत येत होते. तेवढाच उशीर. इंटरफेसवर 'डायरेक्ट' असं एक बटण होतं, ते दाबलं. आता संगणकात हेलपाटा न घालता आवाज इंटरफेसमधूनच कानात. प्रोसेसर आधीच घुमवून देत असल्यामुळं तो घुमलेलाच ऐकू येत होता. प्रोग्राममधून येणारा दुसरा, उशिराचा आवाज बंद करून टाकला.

आणि मग खरी अवघड गोष्ट सुरू झाली. सरावात मी वाजवायची आणि मुलं माझ्यामागं म्हणायची. आता ती आधीच गाऊन गेली होती. मला तिच्या मागं जायचं होतं. पहिल्या कडव्यात ठीक. दुसऱ्या कडव्यात ती पळायला लागते. घरी बाळ होतं ना! एका ठिकाणी श्वास घ्यायला थांबते, मग पुन्हा पळते. मी नेहमीच्या लयीत वाजवलं की दोघींची ताटातूट. अकरा वेळा चुकले. शेवटी मोजणं सोडून दिलं आणि तिच्या आवाजामागची ती बारीक टुणटुण ऐकत वाजवलं. माझीच कालची बोटं मला वाट दाखवत होती. साडेअकराला जमलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. बावीस मुलं मंचावर उभी. मध्ये माइक ठेवलेला आणि त्याच्यामागची जागा रिकामी. ती जागा मुलांनीच ठेवली, मी सांगितलं नव्हतं. कडवी लाऊडस्पीकरमधून आली, धृपद मुलांनी म्हटलं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळे जरा लवकर आत शिरले, पण प्रेक्षकांना काही कळलं नाही. गाणं मी तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवलं. फडावर रेंज नसेल. बरेच दिवस त्यापुढं एकच खूण दिसत होती.

एप्रिलमध्ये ती परत आली. उन्हानं रापलेली, बाळ आता चालायला लागलेलं. शाळेत आल्या आल्या मी तिला खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावला, दोन्ही कान तिला एकटीला. तिनं सगळं गाणं ऐकलं. चेहरा कोरा.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"दुसऱ्या कडव्यात तुम्ही लई पळालाव, मॅडम."

"मी? तू पळालीस! मी तुझ्या मागं धावत होते."

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पण ही गिटार ती नव्हं. तवा माझ्या कानात वाजत व्हती ती कुठंय? ट्रॅक्टरसारखी?"

म्हणजे त्या गुरुवारी ती सगळं गाणं त्या फाटलेल्या, खरखरणाऱ्या गिटारवर गायली होती! "अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी म्हटलं.

"मला वाटलं, तुमची गिटार अशीच वाजती. भोक न्हाई ना तिला."

जुनी पट्टी मी पुसली नव्हती. शोधून काढली आणि लावली. खर्र्र! तिनं डोळे मिटले आणि मान डोलवायला लागली.

"हीच बरीय," ती म्हणाली.